हवा लागेल त्याला

भाईंदरच्या इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगीत मी राहायला आले, त्याच आठवड्यात समोरच्या ब्लॉकमधली बाई न विचारता आत आली. माझ्या टीव्हीमागे लोंबकळणारी केबल तिनं हातात घेतली, तिचा एक सैल वळसा केला आणि पांढऱ्या चिकटपट्टीनं तो भिंतीला डकवून टाकला. "पाय अडकला तर ओढ या वळशाला बसेल, टीव्हीला नाही," एवढं बोलली आणि निघून गेली. नाव नाही, गाव नाही, काही नाही. मी गिरगावातली, उभी हयात टेलिफोन ऑफिसात घालवलेली. वायरीबद्दल मला शिकवणारी ही कोण? दुसऱ्या दिवशी मी रागानं पट्टी ओढायला गेले, तर भिंतीच्या रंगाचा पोपडा निघाला, पट्टी जागची हलली नाही. सुगंधा मांडवकरची आणि माझी ओळख झाली ती अशी.

ती मूळची संगमेश्वरकडची. रत्नागिरीला नर्सिंग शिकली, लग्न करून भाईंदरला आली आणि केबिन रोडच्या आतल्या गल्लीत एका नर्सिंग होममध्ये लागली. आधी आयसीयूत होती. पुढे तिथं डायलिसिसच्या मशिनी आल्या तेव्हा तिकडं गेली. काय काम करतेस म्हणून विचारलं तर म्हणायची, "नळ्या सांभाळते." मला वाटलं सलाइनच्या. मग तिनं समजावलं. किडनी गेलेल्या माणसाचं रक्त मशिनीतून धुवायचं तर हातातली बारीक सुई पुरत नाही. मानेतून एक जाड नळी थेट मोठ्या शिरेत उतरवतात, तिचं आतलं टोक हृदयाच्या तोंडाशी असतं. बाहेर तिला दोन शेपट्या, त्यांना चिमटे आणि टोपणं. डॉक्टर नळी घालतात, कातडीला टाक्यांनी बांधतात आणि पुढच्या पेशंटकडं जातात. त्यानंतर कित्येक आठवडे ती नळी जागच्या जागी ठेवायची, ओली होऊ द्यायची नाही, ओढली जाऊ द्यायची नाही आणि तिच्या कडेनं जंतू आत शिरू द्यायचे नाहीत, हे सिस्टरचं काम.

या कामानं तिचा स्वभावच तसा करून टाकला होता, की तसा स्वभाव म्हणून ती या कामात टिकली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वॉर्डात पेशंट तिला वचकून असत. मी एकदा भाचीला भेटायला तिथं गेले होते तेव्हा बघितलं. "बनियन डोक्यातून घालायचं नाही, पुढून बटणांचा शर्ट घालायचा. मंगळसूत्र काढा, नवऱ्याच्या खिशात ठेवा. हंसाबेन, पल्लू इधर नहीं, उधर लो, नली में अटकेगा." एका मुलीनं आपल्या बापाच्या मानेवर लावलेलं औषध सुकावं म्हणून मायेनं फुंकर मारली, तर ही बाई अशी कडाडली की मुलगी रडायलाच लागली. "तोंडातले जंतू आहेत त्या फुंकरीत! सुकू दे आपोआप. थांबायला काय होतं?" आणि स्वतः मात्र थांबणं माहीत नाही. पायाला भिंगरी. एका पलंगावरून दुसऱ्याकडं, दुसऱ्यावरून परत पहिल्याकडं. मघाशी बघितलेली पट्टी परत बघायची. मला तर नुसतं बघून दम लागला.

पण तिची सगळ्यात मोठी भीती ओढ लागण्याची नव्हती, जंतूंचीही नव्हती. ती होती हवेची. नोकरीच्या सुरुवातीला एका पेशंटच्या नळीचं टोपण सैल राहिलं होतं. माणूस चहा प्यायला उठून बसला, खोल श्वास घेतला आणि नळीतून हवा आत ओढली गेली. बघता बघता निळा पडला. डॉक्टरांनी त्याला डाव्या कुशीवर टाकलं, डोकं खाली केलं, ऑक्सिजन दिला; वाचला. पण सुगंधाच्या हातात तो चहाचा कप तसाच राहिला होता. हे सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला आणि प्रत्येक नातेवाइकाला ती शेवटचं वाक्य तेच सांगायची: नळीत हवा जाऊ द्यायची नाही, हवा गेली की संपलं.

आणि मग तिच्या स्वतःच्या घरात नळी आली.

तिचा नवरा उत्तम नवघर रोडला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचा. शांत माणूस. बायको बोलणार आणि हा हसणार, असा त्यांचा संसार. मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल दोघंही बोलत नसत. दोन हजार पाच साली त्याच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर, आणि तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या निघाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्या सांभाळणाऱ्या बाईच्या नवऱ्याच्या मानेत नळी. देवाला दुसरं कोणी सापडलं नाही का, असं मी तेव्हा मोठ्यानं म्हणाले होते आणि आजही म्हणते.

पहिली नळी उजवीकडं घातली होती. तिला जंतुसंसर्ग झाला. उत्तमला हुडहुडी भरून असा ताप आला की पलंग हलायचा. नळी काढावी लागली. मग डावीकडं दुसरी घातली. हातावर फिस्टुला नावाचं ऑपरेशन केलं, म्हणजे हातातलीच धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या. ती जोडशीर फुगून जाड झाली की सुया थेट तिच्यात टोचता येतात, मानेतली नळी लागत नाही. पण शीर तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. डॉक्टरांनी सुगंधाला बाजूला घेऊन सांगितलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं: "सिस्टर, उजवी बाजू गेली. ही डावी नळी हातातली शीर तयार होईपर्यंत टिकवा. ही गेली तर मांडीत घालावी लागेल, आणि परत इन्फेक्शन झालं तर तो ते झेलेल असं मला वाटत नाही."

तो दीड महिना आम्ही कसा काढला, विचारू नका. सुगंधाला नोकरी सोडून चालणार नव्हतं. सोडली असती तर तिथं उत्तमचे उपचार कसे झाले असते? ती ड्युटीवर जायची आणि तिथून मला फोन करायची. "आशाताई, जरा डोकावता का? झोपलाय का? कुठल्या कुशीवर? डावीकडं नाही ना?" मी चप्पल घालून समोर जायचे, बघायचे, परत येऊन सांगायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या आत परत फोन. "पट्टीच्या कडा सुटल्या नाहीत ना? बघून सांगा ना, हात लावू नका हं." एकदा मी वैतागून म्हटलं, "सुगंधा, मी टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेय गं!" तर म्हणाली, "माझं लक्ष लागत नाही हो." त्यानंतर मी कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर माझंही लक्ष लागत नव्हतं. भाजी निवडता निवडता उठून मी समोरचं दार ढकलायचे.

शेवटी गावाहून सासूला आणायचं ठरलं. उत्तम तिला आये म्हणायचा, म्हणून सुगंधाही आये म्हणायची. बारीक, काटक म्हातारी. भाईंदर स्टेशनवर उतरली तीच मुळी, "माजा ल्योक खय हाय?" असं विचारत. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं असेल असं मी धरूनच चालले होते, चार गोष्टी ऐकायला मिळतील म्हणून थोडी खूशही होते. तसलं काही नव्हतं. म्हातारीला सुनेचा भारी अभिमान. "आमची सुगंधा दाक्तरीन हाय," असं तिनं गावात सांगून ठेवलं होतं, आणि सून जे सांगेल ते तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ.

आयेची पहिली दुपार. सुगंधा ड्युटीवर निघताना दारात उभी राहून सगळं सांगत होती. पाणी मोजून द्या. केळं नको, नारळपाणी नको. डोक्यावरून आंघोळ नाही. नळीला हात लावायचा नाही. आये प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. चपला घालता घालता सुगंधा वळली आणि म्हणाली, "आणि सगळ्यात महत्त्वाचं. हवा जाऊ द्यायची नाही. कळलं ना आये? जरा जरी हवा गेली ना, तर मग काही खरं नाही." म्हातारीचा चेहरा गंभीर झाला. "तू बिनघोर जा गो," ती म्हणाली. "हवेचा मना ठाव हाय." आणि सुगंधा बऱ्याच दिवसांनी बिनघोर गेली.

त्या दुपारी तिचा एकही फोन आला नाही. मला चुकल्यासारखं झालं. पुस्तक घेतलं, दोन ओळी वाचल्या, ठेवलं. पलंगावर पडले, उठले. ऑक्टोबरचा उकाडा असा की फरशीवर पाणी ओतून बसावंसं वाटावं. शेवटी काहीतरी निमित्त हवं म्हणून वाटीभर लिंबाचं लोणचं घेतलं (उत्तमला चालत नव्हतं, म्हातारीला चालेल म्हणून) आणि समोरची बेल वाजवली.

दार उघडायला वेळ लागला, कारण दाराच्या फटीत आतून बोळे कोंबले होते. आत गेले आणि मला गुदमरायला झालं. खिडक्या बंद. खिडक्यांवर चादरी. पंखा बंद. आणि पलंगावर उत्तम, डोक्याला माकडटोपी, मानेला जाड लोकरी मफलर, त्यावर लुगड्याचं जुनं फाडकं घट्ट गुंडाळलेलं, अंगावर गोधडी. चेहऱ्यावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालेलं, त्यामुळे तो दमून गाढ झोपला होता आणि म्हातारीनं त्या झोपेतच त्याला हा साज चढवला होता.

"आजी, हे काय?" मी ओरडलेच.

"हळू बोल. निजलाय तो." ती अभिमानानं म्हणाली, "एक झुळूक येव दिली नाय बग. कुटनंच हवा लागंल त्याला असा ठेवला नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं बाळंतिणीला हवा लागते, ताप उतरलेल्या माणसाला हवा लागते. कान बांध, पंखा बंद कर, हवा लागेल, हे ऐकतच आम्ही सगळे मोठे झालो. सुगंधानं सांगितलं होतं हवा जाऊ द्यायची नाही, आणि म्हातारीनं तिच्या उभ्या जन्मात हवेबद्दल जे ऐकलं होतं, तेच ऐकलं. टोपणं, चिमटे हे तिच्या कानावर गेलंच नव्हतं. गेलं असतं तरी नळीत हवा जाते हे कुणाला सुचणार?

मी पंख्याच्या बटणाकडं गेले, तर म्हातारी आडवी आली. मी खिडकीकडं गेले, तर तिनं माझा हात धरला. हातात बळ काय! "माज्या सुनंनं सांगितलाय," ती म्हणाली. "तू कोन सांगनार?" मी तिला म्हटलं की आजी, ती हवा वेगळी, ही हवा वेगळी. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझंच बोलणं खुळचट वाटलं. दोन म्हाताऱ्या एका पंख्याच्या बटणासाठी झोंबताहेत, असलं दृश्य. या गडबडीत उत्तम जागा झाला. मान वळवायला गेला आणि कळवळला.

"अडकलंय काहीतरी," तो म्हणाला. "ओढतंय आत."

मफलरच्या लोकरीत नळी गुंतली होती. पहिला विचार आला तो सगळं ओरबाडून काढायचा, माझे हात पुढंही गेले. मग भिंतीवरून न निघालेली ती पट्टी डोळ्यांपुढं आली आणि हात मागं घेतले. त्याला म्हटलं, "तू हलू नकोस. आडवाच राहा," आणि फोनकडं धावले.

सुगंधा फोनवर आली. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण ती काय बोलली ते अक्षर न् अक्षर आठवतं. "ताई, कोणी हात लावायचा नाही. कात्री आणायची नाही, घाईत माणसं नळीच कापतात. त्याला सपाट झोपू दे, बसवू नका. रक्त दिसतंय का? नाही ना? मी आले." आवाज एकदम सपाट होता. त्या आवाजानं मी जास्त घाबरले.

मी परत गेले. आये कोपऱ्यात उभी होती. काहीतरी बिघडलंय एवढं तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. मी पंखा लावला, तिनं अडवलं नाही. मी बसले, उठले, दारात गेले, जिन्यात वाकून बघितलं, परत आले. उत्तम छताकडं बघत पडला होता. मला म्हणाला, "आयेला ओरडू नका हं, आशाताई." घामानं निथळणारा माणूस, मानेत जीव अडकलेला, आणि काळजी कुणाची, तर आयेची. मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

सुगंधा आली ती नर्सच्या साडीतच. थेट मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, बराच वेळ धुतले. मला वाटलं, अगं आता बस की. मग पिशवीतून हातमोजे काढले. एका हाताची बोटं तिनं लुगड्याच्या फाडक्याखालून सरकवून नळी जिथं कातडीत शिरते तिथं टेकवली आणि ती बोटं तिथंच ठेवली. दुसऱ्या हातानं फाडकं सोडवलं, मग मफलरचं बाहेरचं टोक धरून वेढा वेढा उलगडत गेली. लोकरीचा एक धागा टाक्यात अडकला होता. तो तिनं ओढला नाही. मफलरच त्या बाजूला सैल करत नेला, तेव्हा तो सुटला.

आतलं दिसलं. घामानं पारदर्शक पट्टी तीन बाजूंनी सुटून लोंबत होती. दोनपैकी एक टाका कातडी फाडून निघाला होता. नळी बोटाच्या पेराएवढी बाहेर आली होती. चिमटे बंद होते, टोपणं घट्ट होती. ते बघून सुगंधानं श्वास सोडला.

"आत ढकल ना गो," आये मागून हळूच म्हणाली.

"बाहेर आलेली नळी आत ढकलायची नसते, आये. बाहेरची घाण आत जाते." तिनं स्वच्छ गॉज ठेवला, वरून पट्ट्या लावल्या, आणि तरीही बोटं काढली नाहीत. "रिक्षा बोलवा, ताई."

खालच्या मजल्यावरचा पिंटू रिक्षा चालवायचा. त्याला हाक मारली. उत्तमला आम्ही खुर्चीत अर्धवट रेलवून खाली आणला. रिक्षात तो जवळजवळ आडवा, डोकं सुगंधाच्या मांडीवर, तिची बोटं त्याच्या मानेवर. मी त्याचे पाय धरून कडेला. आये पिंटूच्या सीटवर अर्धी टेकलेली. "भैया, धीरे. गड्ढा आए तो बोलना," सुगंधा म्हणाली. पिंटूनं अख्ख्या आयुष्यात एवढी हळू रिक्षा चालवली नसेल. प्रत्येक खड्ड्याला सुगंधा ओठ चावायची.

केबिन रोडला आलो आणि अडकलो. दिवाळीच्या खरेदीची संध्याकाळ. कंदील, फटाके, फराळाची दुकानं, हातगाड्या, मधेच उभा राहिलेला टेम्पो. पिंटू हॉर्न मारतोय, कुणी हलत नाही. सुगंधाला उतरता येत नव्हतं, मला उत्तमचे पाय सोडवत नव्हते. तेवढ्यात पुढून काहीतरी हललं. आये उतरली होती. भाईंदरमध्ये येऊन जेमतेम एक रात्र झालेली, हिंदीचा गंध नाही. पदर खोचून ती रिक्षाच्या पुढं चालायला लागली, दोन्ही हातांनी माणसं बाजूला सारत. "बाजूक व्हा! माज्या ल्योकाची नळी हाय! ए कंदीलवाल्या, गाडी घे बाजूक!" कंदीलवाला उत्तर प्रदेशचा असावा. त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण त्यानं गाडी घेतली. टेम्पोवालाही मागं सरला. म्हातारी नर्सिंग होमच्या गल्लीपर्यंत तशीच पुढं चालत गेली आणि पिंटू तिच्या मागून रिक्षा नेत राहिला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. नळीचं टोक सरकलं होतं, पण शिरेतच होतं, काम चालण्याजोगं. त्यांनी नवीन टाके घातले, सुगंधानं पट्टी केली. औषध सुकेपर्यंत ती हात वर धरून उभी राहिली. मग डॉक्टर म्हणाले, "आता ताप येतोय का बघायचं." म्हणजे सगळं तसंच टांगणीला.

आये बाहेरच्या बाकावर बसून होती. सुगंधा बाहेर आली तशी ती उठली. "माजा काय चुकला?" तिनं विचारलं. "तू बोल्लीस हवा नको. मी झुळूकपन येव दिली नाय."

मला वाटलं आता भडका उडणार. सुगंधा तिला परत बाकावर बसवत म्हणाली, "तुमचं नाही चुकलं, आये. मी हवा म्हटलं. मला वाटलं, हवा म्हटलं की सगळ्यांना माझीच हवा कळते." आणि तिनं तिथंच ट्रेमधली एक रिकामी नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एका टोकानं बुडबुडा आत घेतला आणि तो म्हातारीच्या डोळ्यांसमोरून सरकवत नेला. "हा बुडबुडा. हा आत गेला नाही पाहिजे. बाकी पंखा लावा, खिडकी उघडा, काही होत नाही." म्हातारीनं बुडबुडा डोळे बारीक करून बघितला. "मंग बुडबुडा बोलाचा ना गो," ती म्हणाली. आणि त्या दिवसात पहिल्यांदा सुगंधा हसली. त्या वॉर्डात त्यानंतर ती कुणाला हवा म्हणाली नाही. हंसाबेनलासुद्धा बुडबुडाच.

पुढचे दिवस आम्ही उत्तमच्या कपाळाला हात लावण्यात घालवले. मी लावायचे, आये लावायची, सुगंधा येऊन परत लावायची. त्याला जरा शहारा आला की तिघी उभ्या. तो म्हणायचा, "अगं, मच्छर चावला." ताप आला नाही. आयेनं नळीची अशी राखण केली की सुगंधासुद्धा चकित झाली. दूधवाल्यानं उत्तमच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिनं त्याला दाराबाहेर काढलं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न गेलं. हातातली शीर फुगली, कान लावला की तिच्यात घरघर ऐकू यायची. मग एके सकाळी मशिनीच्या सुया थेट तिच्यात लागल्या. काही डायलिसिस नीट पार पडली आणि डॉक्टर म्हणाले, "चला, मानेतली काढू या."

त्या दिवशी आम्ही तिघी गेलो. नळी काढतानाही धोका असतोच. पेशंटला सपाट झोपवायचं, श्वास रोखायला सांगायचं, त्याच वेळी ओढायची आणि भोकावर दाबून धरायचं. डॉक्टरांनी काढली, दाबली, मग हवाबंद पट्टी केली. मी दारातून बघत होते. सुगंधा पलंगाशी उभी होती आणि पट्टीची कडा परत परत चाचपत होती. शेवटी डॉक्टरांनीच तिला सांगितलं, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर जा." ती निघाली, पण निघता निघता सासूला म्हणाली, "आये, याला उठू द्यायचं नाही. डोकं वर करू द्यायचं नाही. मी येईपर्यंत." आये पलंगाशी स्टुलावर बसली आणि तिनं आपला तळवा लेकाच्या कपाळावर ठेवला.

अर्धाएक तास गेला असेल. डॉक्टर फेरीवर आले, पट्टी बघितली, खूश झाले. "उत्तम, उठून बस आता. चहा घे."

उत्तम उठायला गेला. म्हातारीनं तळव्यानं त्याला परत खाली दाबलं.

"आजी, झालं आता. चालेल," डॉक्टर म्हणाले.

"सुगंधा येऊ दे," आये म्हणाली.

"आये, मला लघवीला जायचंय," उत्तम म्हणाला.

"सुगंधा येऊ दे."

डॉक्टर हसायला लागले. "अहो, बोलवा सिस्टरना," मला म्हणाले.

मी बाहेर गेले. सुगंधा बाकावर बसली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं, हात मांडीत पालथे पडलेले. झोपली होती. शेजारून स्ट्रेचर खडखडत गेलं तरी तिला कळलं नाही. नर्सिंग होममधली माणसं जाता येता तिच्याकडं बघत होती, आणि कुणी तिला उठवत नव्हतं.

मी आत गेले आणि वॉर्डबॉयला उत्तमसाठी बेडपॅन आणायला सांगितलं.